किट घातलेला माणूस

वडनेर भोलजीच्या बसथांब्यासमोर रज्जाकचा फोटो स्टुडिओ आहे. दुकान टीचभर, पण आजूबाजूच्या खेड्यांतला एखादाच चेहरा असा असेल, की जो तिथल्या स्टुलावर बसून गेला नाही. आत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे. तो सगळ्यांना यायचा. माणूस अंगानं भरलेला असला तर कोट मागच्या उसवलेल्या शिवणीतून उघडा ठेवायचा, किडकिडीत असला तर मागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळायचा. कॅमेऱ्याला काय, पुढचीच बाजू दिसते. त्या एका कोटात किती नवरदेव पसंत पडले याची गणती नाही. एकदा नांदुऱ्याच्या एका मुलीकडच्यांनी दोन स्थळांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर दोघांच्याही कोटाचं मधलं बटण तुटलेलं. रज्जाकनं दुसऱ्या दिवशी बटण बदललं, कोट बदलला नाही.

त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. माणूस फोटो काढायला येतो तो काही उगाच येत नाही. घरी तो कसा असतो ते बायकोला ठाऊक, वावरात कसा असतो ते मालकाला ठाऊक. फोटोत तरी त्याला बरं दिसू द्या की! या एका तत्त्वावर त्याची सगळी उमर सुखात गेली असती. पण बुलढाण्याहून सुचिता आली आणि त्या तत्त्वाची पार भंबेरी उडाली.

सुचिता शेतमजुरांच्या एका संघटनेचं काम करायची आणि गळ्यात कॅमेरा अडकवून वावरावावरातून फिरायची. पण ही बाई चेहरे सोडून भलतंच काहीतरी टिपायची. भेगाळलेल्या टाचा, बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं, बांधावरच्या भाकरीवर बसलेल्या माश्या. कापूस वेचणाऱ्या बायकांचे असे फोटो तिनं बुलढाण्याला कचेरीसमोर दोरीवर टांगले, तेव्हा गावच्या जनकाबाईलाही बघायला नेलं होतं. जनकाबाईनं पाहिलं तर स्वतःच दोरीवर लटकलेली, लुगड्यावर नवऱ्याचा फाटका शर्ट, डोक्याला फडकं. वेचणीला सगळ्याच बाया तसा शर्ट घालतात, नाहीतर हात सोलून निघतात. पण म्हणून काय तो कचेरीसमोर टांगायचा?

"मले आधी सांगतलं असतं तं मी चांगलं लुगडं नसतं का नेसलं?" असं ती गावभर सांगत हिंडली.

मौज अशी, की तोच फोटो पेपरात छापून आला आणि पुढच्या आठवड्यात वेचणीच्या वावरात प्यायच्या पाण्याची टाकी आली, सावलीला कापड आलं. रज्जाकनं आजवर हजारो चांगले फोटो काढले होते. त्यातल्या एकानंही कुणाला पेलाभर पाणी दिलं नव्हतं. हा फोटो तर धड नव्हता, आणि त्यानं टाकी आणली. रज्जाकनं बरंच डोकं खाजवलं, पण त्याला याचा अर्थ काही लागला नाही.

श्रावणात सुचिता पुन्हा आली ती थेट स्टुडिओतच. आता तिला फवारणीवाल्यांचे फोटो हवे होते. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, की आता फवारा विसरा. आणि त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, बोंडात गुलाबी अळी बसली होती, आणि पोरं पाठीवर पंप घेऊन मान वर करून फवारत होती. औषध उडायचं ते त्यांच्याच तोंडावर पडायचं.

"रज्जाकभाई, मला रोज पहाटे इथं येणं जमत नाही. तुम्ही काढा. जसं आहे तसंच काढा, काही बदलू नका," ती म्हणाली. मग तिनं पिशवीतून एक किट काढून टेबलावर ठेवलं. जाड प्लॅस्टिकचा झगा, टोपी, डोळ्यांवरचा मोठा चष्मा, तोंडाला लावायचा मास्क, रबरी हातमोजे. "प्रत्येक फवारणीवाल्याला मालकानं किंवा दुकानदारानं हे द्यायला पाहिजे. कुणीच देत नाही. हा एक नमुना आहे. लोकांना दाखवा, म्हणजे त्यांना मागता येईल."

रज्जाकनं किट जपून आपल्या स्कूटरच्या डिकीत ठेवलं. आपण काढलेला फोटो कचेरीसमोर टांगला जाणार, या विचारानं त्याला हुरूप आला होता. जसं आहे तसं म्हणजे कसं, एवढंच काय ते त्याला नीट कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रामरावांच्या वावरात गेला. रामराव गावातले मोठे शेतकरी. त्यांच्याकडे चौघं जण फवारणीला होते: म्हातारा पुंजाजी, कामरान, आमीर आणि ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वर चौघांत लाडका. काडीसारखा पोरगा, घरी एकटी आई, झुंबरबाई. रज्जाकच्या घरामागेच त्यांचं घर, त्यामुळे लहानपणी तो निम्मा वेळ इमामबीच्या चुलीपाशी असायचा. इमामबी म्हणजे रज्जाकची बायको. तिला तो चाची म्हणायचा आणि रज्जाकला चाचा.

रज्जाकनं डोळ्याला कॅमेरा लावला आणि त्याचा हिरमोडच झाला. पुंजाजीच्या बनियनला भोकं, कामरानच्या तोंडाला मळकी दस्ती, आमीर अनवाणी, ज्ञानेश्वर कोपरापर्यंत हिरव्या पाण्यानं भिजलेला. या अवताराचा फोटो काढून कचेरीसमोर टांगायचा? जनकाबाईनं गाव डोक्यावर घेतलं होतं. आता ही चार घरं आपल्या नावानं खडे फोडणार. त्याला वाटलं, शहरातल्या बाईला इज्जतीचं काय कळतं. आपल्याला कळतं.

"थांबा रे," तो म्हणाला आणि डिकीतून किट घेऊन आला. "हे घाला. एक एक जन."

कोणी पुढं होईना. पुंजाजी म्हणाला, "हे घालून आदमी दम कोंडून मरीन. हे कायले बे?"

"मराचं नाही, फोटोपुरतंच घालाचं हाय. पाह्य, असं." म्हणून रज्जाकनं स्वतःच झगा चढवला, चष्मा-मास्क लावला, कामरानचा पंप पाठीवर घेतला आणि पऱ्हाटीत उभा राहिला. पोरं पोट धरधरून हसली. ज्ञानेश्वरनं तेवढ्यात बांधावरचा कॅमेरा उचलला. त्याला लहानपणापासून त्या कॅमेऱ्याचा भारी सोस.

"चाचा, हालू नको! इकडे पाह्य!" असं रज्जाकच्याच आवाजात म्हणत त्यानं बटण दाबलं.

मग हसत हसत बाकीचेही तयार झाले. तेवढ्यात विजेची लाईन आली. लाईन कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून रामरावांनी बांधावरून हाक मारली आणि ज्ञानेश्वर मोटार चालू करायला विहिरीकडे पळाला. इकडे किट या अंगावरून त्या अंगावर गेलं, पंप या पाठीवरून त्या पाठीवर गेला, फोटो निघाले. ऊन चढलं तसं रज्जाकनं किट घडी करून परत डिकीत ठेवलं. बाईची वस्तू, खराब व्हायला नको. पोरं पुन्हा बनियनवर फवारायला लागली.

सुचितानं फोटो पाहिले आणि ती खुर्चीतच बसून राहिली.

"रज्जाकभाई, किट तर एकच होतं ना?"

"हाव. एकच किट सगळ्याईले घातलं. बराबर बसलं."

"अहो, पण हे बघून कुणालाही वाटेल की सगळ्यांना किट मिळालंय! आपण मागतोय काय, आणि हे दाखवतंय काय?"

"पन पोरं चांगले दिसून राह्यले का नाही?"

सुचिता उठली. कुणाला दाखवू नका, एवढं सांगून निघून गेली. रज्जाकला फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचा फोटो परत केला होता, आणि तोही चांगला आला म्हणून! त्यानं इमामबीला विचारलं, की माझं चुकलं काय? ती म्हणाली, "मुझे क्या पूछते? फोटू तुमने काढे, बाई ने बोली, तुम दोनो समझो." तिला तवा उतरवायचा होता.

या लागलेल्या जागेवर शंकररावानं फुंकर घातली. शंकररावाचं गावात बी-बियाणं आणि औषधाचं दुकान. पोळ्याच्या शुभेच्छांचा फ्लेक्स करायला तो स्टुडिओत आला आणि कॉम्प्युटरवर ते फोटो दिसताच खूश झाला.

"अरे, असेच फोटो पाह्यजे होते मले! लाव हे चारही. खाली नावं टाक. वरतं लिव्ह, आमचे फवारणी बांधव, सदैव सुरक्षित."

सुचिताचं सांगणं रज्जाकच्या कानात होतंच. पण एक माणूस तोंड भरून कौतुक करतोय आणि एक माणूस नाक मुरडतोय, यात कोणाचं ऐकावंसं वाटतं? पोळ्याची गर्दी होती, दुकानाबाहेर झूल चढवलेल्या बैलांपासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या फोटोंची घाई. चार फोटो, चार माणसं. मास्कमधून कोण कुठला हे कळायला मार्ग नव्हता. त्यानं आठवेल तशी नावं टाकली आणि फ्लेक्स छापायला पाठवला.

पोळ्याच्या दिवशी झुंबरबाई त्या फ्लेक्ससमोर उभी राहिली ती हलेचना. तिला वाचता येत नव्हतं. कोणीतरी बोट ठेवून नाव वाचून दाखवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगू लागली, "थो माहा ज्ञाना होय. पाह्य कसा साहेबावानी उभा हाय." मग स्टुडिओत येऊन तिनं त्या फोटोची कॉपी मागितली. रज्जाकनं फ्रेम करून दिली, तीही फुकट. झुंबरबाईनं ती घरात देवळीच्या वर लावली आणि रोज पदरानं पुसायला लागली. ज्ञानेश्वर पाहायचा आणि नुसता हसायचा.

पोळा झाला आणि ऊन तापलं. एका दुपारी वारा फिरला. पऱ्हाटीच्या दाटीत ज्ञानेश्वर फवारत होता, तो फवारा उलटा त्याच्याच अंगावर आला. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. बरेच दिवस झुंबरबाई पायरीवर बसून होती. पोरगा वाचला. पण डोळ्यांसमोरचं धुकं काही गेलं नाही. समोर माणूस आहे एवढं त्याला कळे, कोण आहे ते आवाज ऐकल्यावर कळे.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या शहरात डोळ्यांचा इलाज लगेच झाला तर नजर परत येऊ शकते, उशीर झाला तर सांगता येत नाही. इलाज सरकार करणार होतं, पण त्याआधी चौकशी होती. मजुराला किट दिलेलं नव्हतं असं ठरलं तर इलाज. दिलं होतं आणि त्यानं वापरलं नाही असं ठरलं, तर चूक त्याची. आणि शंकररावानं अधिकाऱ्यांसमोर काय ठेवलं असेल? पोळ्याचा फ्लेक्स. चार माणसं, चार किटं, खाली चार नावं. त्यातलं एक, ज्ञानेश्वर पुंडलिक.

रज्जाकच्या तोंडचं पाणी पळालं. चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी सुचिता स्टुडिओत आली. ती चिडलेली नव्हती, त्यामुळे त्याला जास्तच अपराधी वाटलं.

"तुम्ही उद्या चला आणि सांगा, किट एकच होतं, फोटोपुरतं घातलं. ते म्हणतील, कशावरून? पण निदान सांगा तरी."

इमामबी चहा घेऊन आली. कॉम्प्युटरवर तो फोटो मोठा करून ठेवला होता. तिनं कप ठेवता ठेवता पाहिलं.

"ये फोटू में तुम ऐसे काय कू खडे?"

"कोन मैं? ज्ञाना हाय थो."

"ज्ञाना?" इमामबीनं पडद्यावर बोट टेकवलं. "उस काडी कू इत्ता पेट कब आया जी? और ये पँट के पायचे मैंने दुमडे हाय. तुम हाय ये."

रज्जाकनं पाहिलं. प्लॅस्टिकचा झगा पोटावर ताणला होता. खाली पँट त्याची, पँटीखाली चप्पल त्याची. मग त्याला बांध आठवला, पोरांचं हसणं आठवलं, 'चाचा, हालू नको' आठवलं. ज्ञानेश्वर विहिरीकडे पळाला तो पळालाच. त्याच्या अंगाला ते किट कधी लागलंच नव्हतं. फोटोत तो नव्हताच. फोटो त्यानं काढला होता.

सुचिता खुर्चीवरून उठलीच. "रज्जाकभाई, मग तर झालंच! हे सांगितलं की शंकररावांचा पुरावाच संपला!"

तिला आनंद झाला, आणि रज्जाकला घाम फुटला. आनंद त्यालाही व्हायला हवा होता हे त्याला कळत होतं. पण उद्या चारचौघांत सांगायचं काय? की मी बाईमाणसाच्या घरात तिच्या लेकाचा म्हणून माझा फोटो लावून दिला, आणि ती तो रोज पुसते? त्यातून संध्याकाळी रामराव आले, दाराशी उभे राहूनच बोलले.

"रज्जाक, तुले समजत कसं नाही? बोंडअळीच्या नुकसानभरपाईच्या पंचनाम्याले गावातल्या समद्या वावरांचे फोटो तुनंच काढले. तू उद्या म्हनशीन का माहे फोटो खोटे असतेत, तं आमच्या फोटोचं काय? साऱ्या गावाले बुडवशीन तू."

हेही खोटं नव्हतं. रज्जाक खुर्चीत बसला आणि बराच वेळ बसून राहिला. इज्जत राखायला फोटो काढला, त्यानं पोराचे डोळे चालले. आता डोळे वाचवायला जावं तर गावाची पऱ्हाटी चालली. एका बटणातून इतकं काय काय निघतं हे त्याला उभ्या जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. कोणाचा तरी राग यावा असं त्याला फार वाटत होतं, पण कोणाचा ते ठरेना.

सकाळी सगळे एकाच एसटीनं निघाले. मोताळ्याच्या पुढे घाट लागला, तसा ज्ञानेश्वर खिडकीकडे तोंड करून बसला. त्याला काही दिसत नव्हतं, पण वारा लागत होता. शंकरराव पुढच्या सीटवर, झुंबरबाई लेकाच्या शेजारी, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली ती फ्रेम. रज्जाकनं विचारलं, ही कशाला आणली? ती म्हणाली, "साहेबाले दाखोतो. माहा पोरगा कसा होता थे तं पाहू दे त्याईले." रज्जाकनं मान खाली घातली ती बुलढाणा येईपर्यंत वर केली नाही.

चौकशी एका लांबट खोलीत होती. अधिकारी मध्यमवयीन, कंटाळलेले, पण माणूस वाईट नव्हता. शंकररावानं फ्लेक्स उलगडून टेबलावर पसरला. अधिकाऱ्यांनी ज्ञानेश्वरचं नाव असलेला फोटो त्याच्या अगदी डोळ्यांजवळ नेला.

"दिसतोय का? हा कोण आहे?"

"थो मीच हाय साहेब," ज्ञानेश्वर म्हणाला.

"नक्की?"

"हाव. मीच."

"माहाच ल्योक होय थो," झुंबरबाई म्हणाली आणि फडकं सोडून फ्रेम पुढं केली. "हे पाहा, घरी बी लावला हाय."

शंकरराव खुर्चीत जरा सैल होऊन बसला. सुचितानं रज्जाककडे पाहिलं. रज्जाकला आता काही म्हणजे काही कळेना. पोराला माहीत नाही काय? त्यानंच तर बटण दाबलं होतं! ज्याचे डोळे जायचे तोच म्हणतो मी आहे, ज्याची आई तीही म्हणते माझाच आहे. मग आपण उठून नाही म्हणणारे कोण? एक क्षण त्याला स्वतःबद्दलच शंका आली, की इमामबीची आणि आपलीच तर काही चूक झाली नसेल ना.

पण पोट त्याचं होतं. ते काही खोटं नव्हतं. तो उभा राहिला.

"साहेब, थो मी होय."

"कोण मी?"

"मी. रज्जाक. फोटोवाला. थ्या फोटोतला मानूस मी हाय. ज्ञाना नाही. ज्ञानानं थो फोटो काढला. किट एकच होतं, थे बी या ताईचं. फोटोपुरतं घातलं आन् पुन्हा डिकीत ठेवलं. नाव म्या चुकीचं टाकलं."

खोलीत कोणीतरी हसलं. शंकरराव म्हणाला, "साहेब, हा मानूस कोट घालून नवरदेव बनवणारा. याच्या बोलण्यावर जाऊ नका."

"खरं हाय," रज्जाक म्हणाला. "पन साहेब, पोट पाहा." आणि तो टेबलाच्या बाजूला आडवा उभा राहिला. अधिकाऱ्यांनी फोटो पाहिला, रज्जाककडे पाहिलं, मग काठीसारख्या ज्ञानेश्वरकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि लिहायला सुरुवात केली. छायाचित्रातला इसम ज्ञानेश्वर नव्हे. मजुराला किट मिळाल्याचा दुसरा पुरावा नाही. इलाजाची शिफारस आजच पाठवतो, असं ते म्हणाले. मग पेन थांबवून त्यांनी वर पाहिलं.

"वडनेरच्या बोंडअळीचे फोटोही तुमचेच ना?"

"हाव साहेब."

"त्यातही असंच?"

"नाही साहेब. बोंडाईले कोन सजोते?"

"ते पुन्हा तपासायला लागतील," अधिकारी म्हणाले. गावात आता आपल्याला कोणी चहाला विचारणार नाही, हे रज्जाकला तिथल्या तिथं समजलं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली सगळे येऊन थांबले. झुंबरबाई दगडावर बसली. रज्जाकशी ती एक अक्षर बोलली नाही. फ्रेम पालथी करून तिनं बाजूला ठेवली होती. रज्जाकनं ज्ञानेश्वरला बाजूला घेतलं.

"तुले मालूम होतं ना बे?"

"हाव."

"मंग काऊन खोटं बोल्ला? डोळ्याचा इलाज गेला असता ना भाडखाऊ!"

ज्ञानेश्वर म्हणाला, "बुढी माय लय खूश होती चाचा. पोळ्याच्या दिशीच सांगाचं होतं मले, पन थे साऱ्या गावाले बोट दाखोत होती. मंग राहून गेलं. आज थे बाजूलेच बसेल होती. कसं सांगू?"

रज्जाकला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. त्यानं दोन्ही केलं नाही. आपल्याला जे सुचलं तेच याला सुचलं होतं, दुसरं काही नाही. समोरच्याला बरं दिसू द्यावं एवढंच. आणि त्यात वाईट काय, हे त्याला अजूनही नीट सांगता आलं नसतं.

एवढ्यात झुंबरबाई बोलली, पण त्याच्याकडे न पाहता. "मंग माह्या लेकाचा फोटोच नाही का तुह्यापाशी?"

रज्जाकला आठवेना. लहानपणापासून पोरगा स्टुडिओत, पण कायम कॅमेऱ्याच्या मागे, दिवा धर, पडदा ओढ. "नाही," तो म्हणाला.

"मंग काढ."

सुचितानं गळ्यातला कॅमेरा काढून रज्जाकच्या हातात दिला. तो चांगला जड होता. ज्ञानेश्वर झाडाला टेकून उभा. दवाखान्याचा काळा चष्मा, वाढलेली दाढी, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, उन्हात डोळ्यांतून पाणी गळतंय. रज्जाकचा हात खिशातल्या कंगव्याकडे गेला आणि तिथंच थांबला. केस विंचरावेत? का जसं आहे तसं ठेवावं? त्यानं सुचिताकडे पाहिलं. ती काही सांगेना. तिलाही ठाऊक नव्हतं बहुतेक.

"ज्ञाना, चष्मा ठेवू का काढू?" त्यानं शेवटी त्यालाच विचारलं.

"काढ. बुढीले डोळे दिसू दे."

रज्जाकनं चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला, मागं सरला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. ज्ञानेश्वर ताठ उभा राहिला. त्यानं मान वळवली, पण कचेरीच्या फाटकाकडे. मग दुसरीकडे वळवली, तिथं नुसती भिंत होती. मग चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू तसंच धरून त्यानं विचारलं,

"चाचा, कोनीकडं पाहू?"

'इकडे पाहा' हे दोन शब्द रज्जाकनं जन्मभर म्हटले होते, रोज म्हटले होते. आता ते काही त्याच्या तोंडून निघेनात. कॅमेऱ्यातून सगळं अंधुक दिसत होतं. त्यानं कॅमेरा सुचिताला परत दिला, ज्ञानेश्वरजवळ गेला, त्याची हनुवटी धरली आणि चेहरा हळूच आईकडे वळवला. हात सोडला तर मान पुन्हा फिरेल, म्हणून त्यानं तो सोडला नाही.

"दाबा ताई," तो म्हणाला.

फोटोत त्याचा हातही आला.